दोन सेकंदांची उत्तरं

बब्रुवान गाडेकर सर शाळेच्या ऑफिसात निकालपत्रकं लिहीत बसले होते, तेव्हा धाराशिवहून फोन आला. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार होता. पलीकडून एक बाई बोलत होत्या.

"गाडेकर सर का? मी अक्षरा जोशी, परीक्षा कक्षातून. काल लोहाऱ्याच्या केंद्रावर केंद्रप्रमुख तुम्हीच होतात ना?"

"व्हय मॅडम. म्हणजे, होय, मीच."

"आज दुपारी इकडं येऊन जा. फोनवर बोलण्यासारखं नाही."

फोन ठेवल्यावर सरांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं, ते दोनदा हातातून पडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता. याचं कारण त्यांची हुशारी नव्हती, भीती होती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या रात्री सरांना झोप लागत नसे. कुठलाही कागद ते तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसत. शाळेतली पोरं त्यांना कडक म्हणायची. तो कडकपणा कुठून येतो हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं.

एसटीत बसल्या बसल्या त्यांनी कालचा दिवस मनात शंभर वेळा उलगडून पाहिला. नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती, संगणकावरची. लोहाऱ्यात दुकानांच्या गाळ्यांवर एक खासगी संगणक केंद्र होतं, तिथं छत्तीस मुली, साठ प्रश्न, दीड तास. सर मराठीचे मास्तर. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून जे कळत होतं ते त्यांनी केलं होतं: शिस्त लावली होती. दप्तरं बाहेर, फोन पेटीत, चपला जिन्यात. परीक्षा सुरू व्हायच्या आधी समोर उभं राहून बजावलं होतं, "जागेवरून उठायचं न्हाय. बोलायचं न्हाय. वर कॅमेरा हाय, तो सगळं बघतोय. कुणी हललं की पेपर तिथंच बंद." मध्ये लाईट गेली होती, जनरेटर लावेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली होती. तेवढं सोडलं तर खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मग चुकलं कुठं?

अक्षरा मॅडम तिशीच्या आसपासच्या होत्या. बोलायला सौम्य, आणि सरांना त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी लॅपटॉप सरांकडं वळवला. पडद्यावर ठिपकेच ठिपके होते.

"हा एकेक ठिपका म्हणजे एकेक उत्तर," त्या म्हणाल्या. "प्रश्न पडद्यावर आला की आत घड्याळ सुरू होतं, मुलीनं उत्तर दाबलं की थांबतं. ठिपका जितका वर, तितका जास्त वेळ लागला. हा सव्विसावा प्रश्न बघा, चार ओळींचा आहे. नुसता वाचायलाच पंधरा-वीस सेकंद हवेत. आणि उत्तर आलंय दोन सेकंदांत. म्हणजे काय?"

"म्हणजे... वाचलाच न्हाय."

"बरोबर. तुक्का मारलाय."

"तुक्का तर पोरं मारतातच की मॅडम. शेवटी वेळ उरत न्हाय तवा."

"शेवटच्या पाच मिनिटांत मारतात. ते आम्हालाही चालतं." त्यांनी बोट ठिपक्यांवरून सरकवलं. "ही मुलगी सव्वाअकरापर्यंत एकेका प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट देतेय, आणि बहुतेक उत्तरं बरोबर आहेत. हुशार मुलगी आहे. सव्वाअकरानंतर एकदम दोन सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद, शेवटपर्यंत. परीक्षेचा पाऊण तास शिल्लक होता तेव्हा. आणि ही एकटीच नाही. भिंतीकडच्या ओळीत बारा मुली होत्या, त्यातल्या अकराजणींचं असंच आहे. दुसऱ्या दोन ओळींत एकीचंही नाही."

सर ठिपक्यांकडं बघत राहिले. वरच्या बाजूला विखुरलेले ठिपके एका जागी येऊन धाडकन खाली कोसळले होते आणि मग तळाशी सरळ रांगेत पडले होते.

"मला सांगा सर, अकरा मुलींनी एकाच वेळी विचार करणं का सोडलं?"

"मला न्हाय सांगता येणार."

"काही ठिकाणी असं होतं," मॅडम जरा थांबून म्हणाल्या. "मुलींना आधीच सांगून ठेवलेलं असतं. काहीही दाबा आणि उठा, उत्तरं मागाहून आतून बदलली जातील. पण मग, आता दाबायला लागा, अशी खूण करणारा माणूस खोलीत लागतो."

खोलीत माणूस एकच होता. तो म्हणजे आपण, हे सरांच्या ध्यानात आलं.

"मी आरोप करत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "हे यंत्र फक्त वेळ सांगतं, कारण सांगत नाही. सोमवारी अकरापर्यंत तुमचा लेखी खुलासा द्या. उद्या दुपारी दोनला तिथं दुसरी बॅच आहे, तिथं तुमच्या जागी कृष्णराज देशमुख असतील. तुम्ही केंद्रावर जायचं नाही, तसं पत्र देतेय." पत्रासोबत त्यांनी त्या ओळीचा तक्ताही दिला, मुलींची नावं, गावं आणि फोन नंबर असलेला. अकरा नावांपुढं लाल खूण होती. बारावं नाव कोरं होतं.

घरी आल्यावर सर दोन घास खाऊन ताटावरून उठले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवो, पोरींनाच इचारा की. त्यांनी दाबलंय, त्याच सांगतील."

"अन् कुणी म्हणलं, सरांनी येऊन दबाव आणला, मग?"

"मग घरात बसून कारण सापडणार हाय का?"

शनिवारी सकाळी सरांनी भीत भीत तीन फोन लावले. दोन मुलींच्या वडिलांनी "आमाला काय माहीत न्हाय" म्हणून फोन कापला. तिसरी निकिता, माकणीची. तिचा फोन लागलाच नाही. तक्त्यावर सर्वांत चांगली सुरुवात तिचीच होती, मॅडमनी दाखवली ती हुशार मुलगी. सर चौकात जीपमध्ये जाऊन बसले. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. माकणीत उतरले तेव्हा दीड वाजून गेला होता आणि डांबर पायाखाली मऊ लागत होतं.

निकिताची आई मथुराबाई ओसरीत ज्वारी निवडत होती. सरांनी नाव सांगितलं तशी ती पदर सावरत उठली.

"पोरगी परवापासून नीट जेवली न्हाय सर. पेपर कसा गेला इचारलं की रडती. फोन बंद करून ठिवलाय. तिचं काय चुकलंय का?"

"तेच बघायला आलोय. बोलवा तिला."

निकिता बाहेर आली ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सरांच्या ध्यानात आलं, पोरगी आपल्याला भिते. आपण पत्राला भितो तशी.

"सर, म्या कॉपी केली न्हाय."

"मला ठाऊक हाय. पण सव्वाअकरानंतर तू प्रश्न वाचलेच न्हाईस. संगणकात सगळं येतंय, किती सेकंदांत दाबलं ते. असं का केलंस बाई?"

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती खाली बघत म्हणाली,

"टेबल चावत होतं, सर."

"काय?"

"लोखंडी टेबल हायत ना तिथं. लाईट गेल्यावर जनरेटर लावलं, तवापासनं टेबलाला मनगट लागलं की झिणझिण व्हायचं. इथवर." तिनं कोपराला हात लावला. "माऊस हलवायचा म्हणजे मनगट टेकतंच. आधी वाटलं माझाच हात आखडलाय. मग बाजूची पोरगी बी हात झटकताना दिसली. सगळे साठ दाबल्याबिगर पेपर जमाच करता येत न्हाय, म्हणून मग पटापट कायबी दाबलं. लवकर उठायचं होतं, सर. भ्या वाटत होतं."

"अगं, मग मला का न्हाय सांगितलंस?"

निकितानं आईकडं पाहिलं, मग पुन्हा खाली.

"हात वर केला होता, सर."

सरांना आठवलं. हात वर झाला होता. भिंतीकडच्या ओळीत, चौथ्या की पाचव्या खुर्चीवर. "सर, टेबल..." असं काहीतरी ती म्हणाली होती, आणि त्यांनी वरच्या कॅमेऱ्याकडं नजर टाकून म्हटलं होतं, "हात खाली. टेबल-बिबल काय न्हाय, पुढं बघ." त्यानंतर त्या ओळीतून एकही हात वर आला नव्हता. याच शांततेची त्यांना काल एसटीत धन्यता वाटली होती.

"बाराव्या खुर्चीवरच्या पोरीला न्हाय लागलं?" त्यांनी विचारलं. "तिची उत्तरं ठीक हायत."

"तिच्या पायात चप्पल होती. पायाला पट्टी होती म्हणून तुमीच घालू दिली होती. आमचे पाय उघडे, अन् खाली वल्लं होतं. कुलरचं पाणी गळतं तिथं, भिंतीच्या कडंनं."

उघडे पाय, ओली फरशी, लोखंडी टेबल. मराठीच्या मास्तरालाही एवढं कळत होतं. सरांनी घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसरी बॅच बसली होती. पण लाईट असली तर भीती नाही, जनरेटर लावल्यावरच ते होतं, असं ते मनाशी म्हणतात न म्हणतात तोच डोक्यावरचा पंखा मंदावला आणि फिरता फिरता थांबला.

"गेली," मथुराबाई म्हणाली. "आज लाइनीचं काम हाय म्हणं. साऱ्या तालुक्याचीच जाणार म्हणून सकाळी मेसेज आला होता."

सरांनी कृष्णराजना फोन लावला. बंद. केंद्रावरचा फोन वाजून वाजून थांबला. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा आपणहून साहेबाच्या ऑफिसात फोन लावला. अक्षरा मॅडमनी उचलला. सरांनी कसंबसं, तुटक तुटक सगळं सांगितलं.

"परीक्षा चालू असताना सगळे फोन पेटीत असतात," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज बदलला होता. "मी पोलीस ठाण्यात फोन करते, तहसीलला करते. सर, तुम्ही किती लांब आहात?"

"माकणीत. अर्धा तास. पण मॅडम, मला तिथं जायला मनाई हाय. तुमचंच पत्र..."

"पत्र राहू द्या! तुम्ही निघा."

चौकात एकही जीप नव्हती. सर उन्हात उभे राहून इकडंतिकडं बघायला लागले तोवर निकितानं गोठ्यामागची स्कूटी काढून चौकात आणली होती. "बसा सर," ती म्हणाली. "खोली मला बी ठाऊक हाय." मथुराबाई मागून ओरडत आली आणि तिनं पोरीच्या डोक्यावर हेल्मेट घातलं.

तो रस्ता सरांना पुढं कधी नीट आठवला नाही. गरम वारा तोंडावर येत होता, खड्ड्यात स्कूटी आदळली की काळीज वर यायचं. एक उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मनात एकच हिशेब चालू होता: शांतलिंगला जनरेटर लावायला सात-आठ मिनिटं लागतात. म्हणजे आता लागला असेल. म्हणजे आता पोरी टेबलाला हात लावत असतील. शांतलिंग म्हणजे त्या केंद्राचा मालक. संगणक, वायरिंग, जनरेटर सगळं तोच बघायचा. दोन ओळींना त्याची बॅटरी पुरायची. भिंतीकडच्या ओळीला पुरत नव्हती, म्हणून लाईट गेली की तिकडं तो जनरेटरची वायर जमिनीवरून ओढायचा. परवा सरांनी ती ओढताना पाहिली होती, आणि पाय अडकू नये म्हणून "ती टेबलाखाली सरकव" असंही सांगितलं होतं. हे त्यांना आता, स्कूटीवर आठवलं.

केंद्राच्या मागच्या बोळातून जनरेटरची धडधड ऐकू येत होती.

जिन्यात चपलांच्या रांगा होत्या. लहान, झिजलेल्या, काही नवीन, पेपरसाठी घेतलेल्या. वर दारावर कागद डकवला होता, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. अक्षर सरांचं होतं. परवाचाच कागद कुणी काढला नव्हता.

सरांनी दार ठोठावलं. कृष्णराज देशमुखांनी ते चार बोटं उघडलं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी.

"गाडेकर सर? तुम्हाला इथं यायला बंदी आहे."

"देशमुख सर, त्या ओळीतल्या पोरींना उठवा. टेबलात करंट उतरलाय."

"परीक्षा चालू आहे. तुमची चौकशी लागलीय आणि तुम्ही दुसऱ्या बॅचमध्ये गोंधळ घालायला आलात? कॅमेऱ्यात दिसतंय सगळं. जा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"त्यांनाच बोलवा! मॅडमनी बी त्यांना फोन केलाय. पण आधी..."

दार मिटलं. मिटता मिटता फटीतून सरांना भिंतीकडची ओळ दिसली. एका मुलीनं ओढणी हाताला गुंडाळून माऊस धरला होता. दुसरीनं दोन्ही पाय वर खुर्चीवर घेतले होते. कुलरखाली फरशीवर पाण्याचं थारोळं चमकत होतं, परवापेक्षा मोठं. आणि सगळ्याजणी गप्प होत्या.

सरांनी दारावर दोन थापा मारल्या. मग ते वळले आणि जिना उतरून बोळात धावले. निकिता त्यांच्या आधीच तिथं पोहोचली होती आणि शांतलिंगशी भांडत होती. शांतलिंग जनरेटरसमोर हात आडवे करून उभा होता.

"हात लावायचा न्हाय सर. पेपर मधीच बंद पडला तर माझं केंद्र जातंय."

"शांतलिंग, टेबलाला करंट हाय. पोरगी सांगती."

"थोडं झिणझिण करतंय, ठाऊक हाय मला. त्यानं कोण मरतंय का? पेपर झाला की वायर बघतोच म्या."

त्याला ठाऊक होतं. सरांना वाटलं, आपल्याला राग येईल. पण राग आला नाही, भीतीच आली, आणि ती इतकी मोठी होती की तिच्यापुढं पत्र, मेमो, पोलीस काहीच उरलं नाही. तेवढ्यात वरून किंकाळी आली. एक, आणि मग कितीतरी, खुर्च्या पडल्याचे आवाज.

सरांनी शांतलिंगला ढकललं. त्यांनी आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं. जनरेटरच्या तोंडाला किल्ली होती. ती कुठल्या बाजूला फिरवायची हे त्यांना माहीत नव्हतं. आधी उलटी फिरवली, ती हलेना. मग सुलटी फिरवली. धडधड अडखळली, दोनदा खोकली, थांबली.

वर पोहोचेपर्यंत दार सताड उघडं होतं. भिंतीकडच्या ओळीतले पडदे काळे झाले होते. तिसऱ्या खुर्चीजवळ एक मुलगी ओल्या फरशीवर पडली होती. कृष्णराज तिच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि पांढरेफटक पडले होते.

"तिचा हात टेबलाला चिकटला होता," ते म्हणत होते. "सुटतच नव्हता. मी ओढायला जाणार होतो... आणि एकदम सुटला."

मुलीचं नाव महेश्वरी होतं. सरांनी तिच्या नाकापुढं बोटं धरली. त्यांना काहीच लागेना, कारण त्यांची बोटंच बधिर झाली होती. निकितानं खाली बसून तिच्या छातीवर कान ठेवला, आणि म्हणाली, "चालू हाय सर. हाय." मग ती रडायला लागली.

ग्रामीण रुग्णालयात सर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. महेश्वरी शुद्धीवर आली होती. हाताला भाजलं होतं, हृदयाचे ठोके बघायला एक दिवस ठेवणार होते. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ हात सुटला नसता तर काही सांगता आलं नसतं. हे वाक्य सर मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते. पोलीस येऊन केंद्राला कुलूप लावून गेले होते. वीज मंडळाच्या माणसाला टेबलाच्या पायाखाली चिरडलेली वायर सापडली होती.

संध्याकाळी महेश्वरीचे वडील आले. रेवणप्पा, साठीकडं झुकलेले, कपाळावर भस्म. पोरीला बघून ते बाहेर आले आणि सरांसमोर उभे राहिले. सर उठले.

"जनरेटर तुमी बंद केलं म्हणं."

"व्हय."

"अन् पोरींच्या चपला काढायला कुणी लावलं?"

सरांना सांगता आलं असतं, की आज आपण तिथं नव्हतोच. ते खरंही होतं.

"म्या," ते म्हणाले. "दारावरचा कागद माझ्या हातचा हाय. परवा एका पोरीनं हात वर केला, तिला बी म्याच गप्प केलं. तिचं ऐकलं असतं तर तुमची लेक आज इथं आली नसती."

सर मार खायच्या तयारीत उभे होते. मग म्हातारा बाकावर बसला आणि म्हणाला, "बसा. उभं राहून काय व्हतंय."

रविवारी सरांनी खुलासा लिहिला. चार पानं झाली. सोमवारी तो वाचून अक्षरा मॅडमनी मान वर केली.

"बाकी सगळं ठीक आहे. पण हे हात खाली करायला लावल्याचं आणि वायर टेबलाखाली सरकवायला सांगितल्याचं, हे तुम्ही लिहिलं नाही तर कुणी विचारणार नाही. दोष केंद्रमालकाचा आहे, तेवढं पुरेसं आहे."

"ऱ्हाऊ द्या मॅडम."

"मेमो निघेल. सेवापुस्तकात नोंद होईल."

"निघू द्या," सर म्हणाले. "त्या अकरा पोरींचं तेवढं करा. त्यांनी तुक्का उगाच मारला न्हाय."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "शुक्रवारी मी तुम्हाला म्हणाले होते, खूण करणारा माणूस खोलीत लागतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच नाही की त्या घाबरल्या असतील. ठिपक्यांत तेही होतं, आणि मी चोरीच शोधत बसले."

मेमो निघाला. शांतलिंगवर गुन्हा दाखल झाला. कृष्णराज देशमुखांनी रजा टाकली. दोन्ही बॅचची फेरपरीक्षा मे महिन्याच्या शेवटी धाराशिवला ठेवली.

परीक्षेच्या चार दिवस आधी सरांना रेवणप्पांचा फोन आला. "सर, पोरगी जात न्हाय म्हणती. घरातल्या पंख्याचं बटन बी दाबत न्हाय. तुमी येता का संगं?"

सर म्हणाले, "माझ्या येण्यानं काय हुईल? म्या तर..." मग ते म्हणाले, "येतो."

धाराशिवच्या केंद्रावर त्यांना काही काम नव्हतं. अक्षरा मॅडमनी सुरू होण्याआधी पाच मिनिटं आत जायची परवानगी दिली. मुलींच्या पायांत चपला होत्या, फरशी कोरडी होती, दाराशी वीज मंडळाचा माणूस बसवला होता. निकिता दुसऱ्या ओळीत बसली होती, तिनं मान हलवली. महेश्वरी आपल्या जागेपाशी आली आणि तिथंच थांबली. उजव्या तळहातावर अजून गुलाबी डाग होता. टेबल इथंही लोखंडीच होतं.

"काय न्हाय बघ," सर म्हणाले.

ती हलली नाही. ती टेबलाकडं नाही, सरांकडं बघत होती. मोठ्यांचं नुसतं सांगणं तिला आता पुरणार नव्हतं, हे सरांना कळलं. त्यांनी आपल्या चपला काढल्या. गार फरशीवर उघडे पाय टेकवताना त्यांच्या पायांतून शिरशिरी गेली, आणि सगळं तपासलंय हे ठाऊक असूनही त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. कपाळावर घाम आला. तो त्यांनी पुसला नाही. मग डोळे उघडे ठेवून त्यांनी पूर्ण तळहात टेबलाच्या लोखंडावर ठेवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले.

महेश्वरीनं आधी एक बोट लावलं. मग ती बसली.

बाहेर रेवणप्पा झाडाखाली थांबले होते. सर चपला हातात घेऊनच त्यांच्याजवळ आले. दोनदा आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा दोघंही उठून उभे राहिले, आणि पुन्हा बसले. दीड तास भरत आला तेव्हा मुली बाहेर पडायला लागल्या. महेश्वरी सगळ्यांच्या शेवटी आली. तिनं पूर्ण वेळ घेतला होता.